वस्तीची गाडी आणि चार वर्तुळं

वस्तीवाला | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. मोबाईलवर टाईप करतोय, चुका पोटात घाला.

मी एसटीत कंडक्टर. बावीस वर्षं झाली, सगळी कोकणातच. सध्या राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावाची वस्ती करतो. शहरातल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी डेपोतून सुटणारी शेवटची गाडी. ती रात्री गावातच राहते आणि पहाटे तीच पहिली गाडी होऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात. आमची सोय देवळाच्या धर्मशाळेत आहे. पंखा आहे, डास आहेत, आणि एक मांजर आहे जी ड्रायव्हरच्याच पायाशी झोपते, माझ्या कधी नाही.

गेल्या आठवड्यात लेकीच्या कॉलेजात पालकांसाठी कार्यक्रम होता. एक वक्ते आले होते, कोट घालून, मे महिन्यात. पडद्यावर चार वर्तुळं दाखवली. तुम्हाला काय आवडतं, तुम्हाला काय जमतं, जगाला कशाची गरज आहे, पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे एकमेकांवर चढतात ती मधली जागा म्हणजे तुमच्या जगण्याचं कारण. जपानी लोक याला इकिगाई म्हणतात म्हणे. सगळ्यांना कागद वाटले, भरा म्हणाले.

मी भरला. आवडतं : डबलबारी (भजनाचा सामना) ऐकणं. जमतं : वळणावर कशालाही न धरता उभं राहून सुट्टे मोजणं. जगाला गरज : गाडी वेळेवर येण्याची. पैसे : पगार. आता मधे काय लिहायचं? डबलबारी ऐकत सुट्टे मोजणं? शेजारच्या बाईंनी माझा कागद वाचला आणि हसल्या. त्यांचाही मधला भाग कोराच होता.

येताना लेकीने विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच काय वाटतं हो तुमच्या कामाबद्दल?" मी म्हटलं, "वाटायचंय काय, ड्युटी आहे." ती गप्प बसली. ते उत्तर मला तेव्हापासून टोचतंय. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

कारण मला गेल्या जुलैतली एक रात्र आठवत होती. गावाच्या अलीकडे एक साकव, म्हणजे छोटा पूल आहे. पाऊस असा की वायपर नुसता दिसायला हलत होता. साकवावरून पाणी जायला लागलं आणि ड्रायव्हरने गाडी अलीकडेच उभी केली. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही म्हणजे नाही. आत सात पॅसेंजर. साडेआठला पोचायची गाडी, पाणी उतरलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. फोनला रेंज नाही. मी दरवाजात उभा राहून बघतो तर पलीकडे तीन बॅटऱ्या. मधेच विझायच्या, पुन्हा लागायच्या. सेल वाचवत होते.

पलीकडे पोचल्यावर विचारलं, किती वेळ उभे? म्हणे नवापासून. एकाच्या बायकोच्या बीपीच्या गोळ्या माझ्या बॅगेत होत्या, तालुक्याच्या मेडिकलवाल्याने दिलेल्या. (नियम काय सांगतो ते मला पाठ आहे, त्यावर नको जाऊया.) दुसऱ्याचा मुलगा गाडीत होता. तिसऱ्याचं गाडीत कोणीच नव्हतं. म्हटलं, काका, तुम्ही कशाला भिजताय? तर म्हणाले, "हॉर्न वाजल्याशिवाय आमच्याकडे भात टाकत नाहीत. भूक लागली म्हणून बघायला आलो."

तेव्हा मला कळलं की आमचा ड्रायव्हर शेवटच्या वळणावर दोनदा हॉर्न देतो, तो समोरच्या गाडीसाठी नसतोच. त्या रस्त्याला रात्री समोरून येतंय कोण? वाडीतल्या पाच-सहा घरांत त्या हॉर्नवर भात टाकतात.

तर माझा प्रश्न. वर्तुळाच्या कागदावर हे कुठे लिहायचं होतं? तुम्हा सगळ्यांच्या रोजच्या कामात काय आहे? बाहेरदेशी असलेल्यांनी तिकडचंही सांगा. फक्त 'कर्मण्येवाधिकारस्ते' कृपया नको, ते आमच्या घरच्या कॅलेंडरवर आहे.

---

सोलकढी | सोमवार, रात्री १०:३२

धागा वाचता वाचता आमच्याकडचा भात करपला. जबाबदारी कोणाची?

---

नागोयाकर | मंगळवार, सकाळी ६:०५

मूळ दापोली, अकरा वर्षं नागोयात आहे, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. त्यामुळे चार वर्तुळांबद्दल बोलण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो.

पहिली गोष्ट, ती वर्तुळं जपानी नाहीत. आकृती मुळात आंद्रेस झुझुनागा नावाच्या एका स्पॅनिश ज्योतिषाची. (हो, ज्योतिषाची. म्हणून ती पत्रिकेसारखी दिसते.) त्यात मधे 'प्रयोजन' होतं. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या गृहस्थाने इंटरनेटवर लिहिताना तो शब्द काढून तिथे इकिगाई बसवला, आणि मग ती जगभर फिरली. इथे माझ्या शेजारच्या आजींना ते चित्र दाखवलं तर त्या बराच वेळ बघून म्हणाल्या, यात पैसे कशाला आले?

'इकि' म्हणजे जगणं, 'गाई' म्हणजे मोल. त्या आजींची इकिगाई विचाराल तर दारातलं पर्सिमनचं झाड, दर गुरुवारी येणारी नात, आणि सकाळी रेडिओवर लागणारा व्यायाम. नोकरीचा संबंध नाही. या विषयावर इथे नाव घेतलं जातं ते मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं. त्यांचं लिखाण १९६६ सालचं. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करायच्या. ज्यांचं घर, गाव, धंदा सगळं सुटलंय त्यांच्यातल्या काहींना जगावंसं का वाटतं आणि काहींना का नाही, तिथून त्यांचा विचार सुरू झाला. त्यात कोटवाले वक्ते कुठे बसत नाहीत.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाशी संबंधित. इथे रेल्वेचा मोटरमन पांढरे हातमोजे घालून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो, सिग्नल अमुक आहे. डब्यात दुसरं कोणी नसलं तरी. याला 'शिसा कांको' म्हणतात. मला आधी हा वेडेपणा वाटायचा. मग कारखान्यात मलाच करायला लावलं. जपानच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ मध्ये तपासलं, तेव्हा साध्या कामात शंभरामागे २.३८ चुका व्हायच्या त्या बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर ०.३८ वर आल्या. चुकांचं सोडा, मला दुसराच फरक जाणवला. जे काम हात आपोआप करत होते तिथे दिवसातून चारशे वेळा मी स्वतः हजर राहायला लागलो. दमायला होतं, पण दिवस कुठे गेला असं होत नाही.

आता जपानची आरती ओवाळून झाली, तर हेही सांगतो. कामाच्या अतिरेकाने मरण येणं याला वेगळा शब्द असलेला हा देश आहे, 'कारोशी'.

---

गिरणगाव_ते_गुहागर | मंगळवार, दुपारी १:२०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मीठ टाकायला आलो.

माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर (मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. वर्षभराने आम्ही बोचकी बांधून गुहागरला आलो. नंतर वडिलांनी काय नाही केलं? चिरेखाणीवर गेले, दुसऱ्याच्या बागेत शिंपणं केलं, एका दुकानात पुड्या बांधल्या. शेवटपर्यंत एक सवय मात्र गेली नाही. कोणी नवा शर्ट घालून आला की बाहीची कड दोन बोटांत धरायचे आणि सुताचा नंबर सांगायचे. लोक कौतुक करायचे. मला राग यायचा. जे हात इतकं जाणत होते त्यांना पुड्या बांधायला लावलं, यात कसला अर्थ शोधायचा?

आपल्याकडे दशावतारी कलाकारांबद्दल म्हणतातच ना, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. ते ऐकून लोक हसतात. बोजा वाहणारा हसतो का ते कोणी बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच. पगार, पेन्शन आणि दुखण्याखुपण्याला आधार असेल तर माणूस आपला अर्थ आपण शोधतो, वर्तुळं लागत नाहीत. नसेल तर अर्थाच्या गप्पा म्हणजे उपाशी माणसाला मेनूकार्ड. वस्तीवाले, तुमचा पाऊस आणि बॅटऱ्या आवडल्या. पण त्या काकांचा भात तुमच्या पगारवाढीत धरत नाहीत.

---

नागोयाकर | मंगळवार, दुपारी २:०८

@गिरणगाव, तुम्ही म्हणताय त्याला इथे शब्द आहे. 'यारिगाई साकुशु'. यारिगाई म्हणजे काम केल्याचं समाधान, साकुशु म्हणजे पिळवणूक. युकी होंडा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो चलनात आणला. काम आवडतंय ना तुला, मग तक्रार कसली करतोस, असं म्हणून कमी पैशांत राबवून घेणं. समाधानाचा धंदा कसा होतो हे त्यांनी आपल्याआधी ओळखलं.

---

गिरणगाव_ते_गुहागर | मंगळवार, दुपारी २:१५

हा शब्द फ्रेम करून लावतो.

---

देवबागचो_खलाशी | मंगळवार, रात्री ११:५०

मी मर्चंट नेव्हीत आहे, इंजिन रूममध्ये. म्हणजे समुद्रावर राहून समुद्र न दिसणारा माणूस. घर देवबागला.

चार वर्षांपूर्वी आमचं जहाज दक्षिण कोरियात उल्सानला दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा तीन दिवसांची सुट्टी काढून जेजू बेटावर गेलो होतो. तिथल्या हेन्यो बायकांबद्दल ऐकलं असेल. पाठीवर ऑक्सिजन नाही काही नाही, एका दमात दहा-दहा मीटर खाली जाऊन शंख-शिंपले काढतात. २०१६ साली युनेस्कोच्या यादीत त्यांचं नाव लागलं. बहुतेक सगळ्या साठीच्या पुढच्या. वर आल्यावर तोंडाने शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात, त्याला 'सुम्बीसोरी' म्हणतात. मी धक्क्यावर उभा होतो, धुकं होतं, बाई एकही दिसत नव्हती आणि पाण्यावर सगळीकडून नुसत्या शिळा. अंगावर काटा आला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्यांच्यात तीन पायऱ्या असतात, खोल जाणाऱ्या, मधल्या आणि नवशिक्या. आणि किनाऱ्यालगतचा उथळ भाग काही गावांत म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात. त्याला म्हणतात 'हालमांग बादांग', म्हणजे आजीचा समुद्र. तरुण बाईने तिथे हात घालायचा नाही. ऐंशीची आजी तिथे उतरते, चार शिंपले काढते, तिच्या जाळीत तिची कमाई.

हे ऐकलं आणि मी तिथेच रापणीवर पोचलो. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी : होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडून येते आणि जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. तास-दोन तास. मी दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा दोरीला लागलो. लागलो म्हणजे लोंबकळलो. माझ्यामुळे जाळं वीतभरही पुढे आलं नसेल. माझ्या पुढे एक आजोबा होते, पार वाकलेले, तेही माझ्यासारखेच लोंबकळत होते. जाळं वर आल्यावर वाटे घातले तेव्हा आजोबांपुढे वाटा पडला आणि माझ्यापुढे चार बांगडे. एक पाहुणा हसला, म्हणाला या दोघांनी काय ओढलं? तर आमची मावशी त्याच्यावर कडाडली, "म्हातारो झालो म्हणान काय झाला? दोरयेक हात लायल्यान मां? मगे वाटो दिवचो!"

त्या चार बांगड्यांचं आईने तिरफळं घालून तिखलं केलं. आज मी डॉलरमध्ये पगार घेतो, पण कमाई म्हटलं की मला ते चार बांगडे दिसतात.

गिरणगाववाल्यांचं म्हणणं मला पटतं. रापणीला आता पूर्वीसारखी मासळी मिळत नाही, पर्ससीनच्या जाळ्यांनी काय केलं ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, २०१६ मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले तरी भांडणं संपलेली नाहीत. वाटा द्यायला आधी जाळ्यात काहीतरी यावं लागतं, हे कबूल.

---

बोगद्याजवळ | बुधवार, पहाटे ४:४०

माझा नवरा कोकण रेल्वेत पेट्रोलिंगला. पावसाळ्यात रात्री रुळावरून चालत जायचं, दरड आली का, रूळ बसला का, पाणी कुठून फुटतंय ते बघायचं. हातात दिवा, खांद्याला पिशवी, पिशवीत धोका दिसला तर रुळावर लावायचे फटाके. ठरलेल्या टोकाला पलीकडून दुसरा गडी चालत येतो. दोघं पुस्तकं बदलतात आणि आपापल्या वाटेने मागे फिरतात. दुसरा आला नाही म्हणजे काहीतरी झालं.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते, आम्हाला गाडी बघायला नेलं होतं. आता ती गाडी रात्री घरावरून जाते तेव्हा मी कूस बदलते आणि झोपते. आवाज आला म्हणजे त्याचा तेवढा पट्टा नीट आहे. एरवी जागी.

त्याला अर्थ वगैरे विचारलं तर म्हणेल, बूट भिजलेत ते चुलीपाशी ठेव.

---

वस्तीवाला | बुधवार, सकाळी ११:००

बोगद्याजवळ ताई, तुमचा प्रतिसाद ड्रायव्हरला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. डेपोत येईपर्यंत काही बोलला नाही.

---

चौदा_आणे | बुधवार, दुपारी ४:१०

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे, सासऱ्यांनी लावलेली. नावावरून कळलंच असेल. (न कळलेल्यांसाठी : आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा. सोळा आणे झाडावर झाला तर पेटीत पोचेपर्यंत सतरा आणे होतो.)

आमच्याकडे नेपाळहून एक दाई येतात (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ). दिवाळी झाली की येतात, पाऊस पडायच्या आत जातात, नऊ वर्षं झाली. बागेतल्या खोपीत राहतात. मोहोराची फवारणी, रात्रीची राखण, वानरं हाकणं, उतरणी, सगळं. देठासकट आंबा काढायचा, चीक सालीवर सांडू द्यायचा नाही, हे आता ते आमच्या गड्यांना शिकवतात.

एकदा बोलता बोलता म्हणाले, दहा वर्षं परदेशात दुःख केलं. मला वाईट वाटलं, म्हटलं काय दुःख झालं हो? ते हसायला लागले. नेपाळीत कष्ट करण्याला 'दुःख गर्नु' म्हणतात. दुःख करून घर बांधलं, दुःख करून पोरगी शिकवली. शब्द ऐकून मी दिवसभर अस्वस्थ होते. आपण काम 'करतो', ते दुःख 'करतात', आणि काम मात्र एकच, झेला (आंबा काढायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढायचं.

दरवर्षी पहिली पेटी गेली की विचारायचे, कुठे गेली? मी म्हणायची, वाशीला. मग तिथून? ते मला कुठे ठाऊक! मग त्यांचा पुढचा प्रश्न, खाणारा काय म्हणाला? नऊ वर्षं तोच प्रश्न आणि माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी यंदा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला, थेट पेटी मागवतात त्यांना, गळ घातली की आंबा खातानाचा व्हिडिओ पाठवा. त्यांना विचित्र वाटलं असणार, पण पाठवला. टेबलावर आजोबा, दोन नातवंडं, आंबा कापणं, ओघळ मनगटापर्यंत. दाईंनी तीन वेळा बघितला. मला वाटलं आता डोळे पुसणार.

म्हणाले, "काप चुकीची करतायत."

---

माहेर_निपाणी | बुधवार, रात्री ९:२५

सासर वेंगुर्ला, माहेर निपाणी, त्यामुळे कन्नड कानावर वाढले. शाळेत शिकवते.

बसवण्णांच्या लोकांचं 'कायक' आठवलं. बाराव्या शतकात कल्याणला (आताचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण) चांभार, धोबी, नावाडी, दोर वळणारे, असे सगळे शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, एकत्र आले. काम हाच कैलास, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य हल्ली ऑफिसांतून पाटीवर लावतात, पण त्यामागची गोष्ट पाटीवर मावत नाही. आयदक्की मारय्या नावाचा एक शरण होता. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, हे त्याचं काम. एक दिवस तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. बायको लक्कम्मा पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, ही हाव कुठून आली? आपल्याला लागतात तेवढेच ठेव, बाकीचे जिथून आणलेस तिथे टाकून ये. आणि तो गेला परत टाकायला.

आणि कायकाला 'दासोह' जोडलेला आहे. मिळवलं ते वाटायचं. खलाशीभाऊंच्या मावशी त्याच पंथातल्या दिसतात.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:५०

किनाऱ्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. वाचून राहवलं नाही.

अमेरिकेत एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या दोघींनी एका इस्पितळातल्या सफाई कामगारांचा अभ्यास केला होता, त्यावरचा त्यांचा लेख २००१ चा. काम सगळ्यांना एकच, पण काहीजणी सांगायच्या आम्ही फरशी पुसतो आणि काहीजणी सांगायच्या आम्ही रोगी बरे करायला मदत करतो. या दुसऱ्या बायका कोणी न सांगता जास्तीचं करायच्या. एकजण बेशुद्ध रोग्यांच्या वॉर्डातल्या भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलायची, न जाणो, उपयोग झाला तर. आपलं काम आपल्या मापाने बेतून घेणं, असं म्हणता येईल.

मी हे प्रशिक्षणात शिकले तेव्हा लगेच आमच्या सफाईच्या मावशी डोळ्यांपुढे आल्या. कुठल्या रोग्याच्या नातेवाइकाने सकाळपासून काही खाल्लं नाही हे त्यांना कळतं, डॉक्टरांना नाही. रक्त घ्यायला पोरं रडायला लागली की मला त्यांनाच बोलवावं लागतं. त्या पोराला म्हणतात, "माझ्या बादलीत मासा आहे, बघितलास?" पोरगं बादलीत बघतं, मी सुई घालते. गेली सहा वर्षं बादलीत मासा नाही आणि एकाही पोराने तक्रार केलेली नाही.

काल रात्री हा धागा त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, मावशी, तुम्हाला या कामाचा अर्थ काय वाटतो? पोछा पिळत म्हणाल्या, "तो महिन्याच्या दहा तारखेला कळतो."

---

गिरणगाव_ते_गुहागर | गुरुवार, सकाळी ९:१०

मावशींना माझा साष्टांग.

पण प्रामाणिकपणे एक लिहितो, नाहीतर झोप लागायची नाही. वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. वर कपडे, खाली गिरणीतल्या कापडाच्या ताग्यांच्या चिंध्या. बोटभर रुंद, वीतभर लांब, चाळीस-पन्नास असतील. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर तारीख आणि साच्याचा नंबर. हे कशाला जपलं होतं ते आईलाही माहीत नव्हतं. टाकवलं नाही. आता माझ्याकडे आहेत.

माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही. हे फक्त त्याच्या शेजारी ठेवतो.

---

वस्तीवाला | रविवार, दुपारी ३:३०

उशीर झाला, ड्युट्या लागोपाठ होत्या. सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा.

लेकीनेही वाचलं. काही बोलली नाही, फक्त शनिवारी म्हणाली, मी येते वस्तीला. अर्धं तिकीट काढून मागच्या सीटवर बसली. (अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आलंय तेव्हापासून आमच्या गाडीत बायकांच्या पिशव्या वाढल्यात. पूर्वी बाजाराची यादी नवऱ्याच्या खिशात असायची, आता बाई स्वतः जाते आणि भाव करून येते.)

नागोयाकरांचा प्रयोग करून बघितला. डबल बेल देण्याआधी दरवाजाकडे बोट करून मोठ्याने म्हटलं, "दरवाजा बंद, पायरी मोकळी!" सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, बरं वाटत नाही का? तिसऱ्या स्टॉपपासून शाळेची दोन पोरं माझ्याबरोबर ओरडायला लागली. चालू ठेवतोय.

लेक मधेच पुढे आली, एका आजीचं तिकीट घेऊन. मागच्या बाजूला मी पेनाने '७' लिहून गोल केला होता. म्हणे बाबा, हे काय? म्हटलं सात रुपये देणं आहे, सुट्टे नव्हते. म्हणे, आणि त्या विसरल्या तर? म्हटलं, त्या विसरत नाहीत, मी विसरतो, म्हणून तर लिहिलं. उतरताना आजीने तिकीट पुढे केलं आणि सात रुपये मोजून घेतले.

साकव ओलांडला, शेवटचं वळण आलं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. लेक खिडकीतून डोकं काढून बघत होती. वाडीत एकेका मागीलदारी दिवा लागत गेला, तिने मोजले, सात. मी पाच-सहा म्हणत होतो.

जेवायला त्या भातवाल्या काकांकडेच होतो. लेकीने विचारलं, आजोबा, गाडी आलीच नाही तर काय करता? काकू आतून म्हणाल्या, "पोहे."

चौदा आणे ताई, बरोबर काप कशी करायची ते दाईंना विचारून लिहाच, इथे काकांचा आणि ड्रायव्हरचा त्यावरून वाद झालाय. मी आता आडवा होतो. आज पुन्हा तीच वस्ती आहे, आणि मेडिकलवाल्याकडून गोळ्या घ्यायच्या राहिल्यात.